कांडी की तंतू? पेटंटमधील एका शब्दाचा अर्थ

शाळांमधून व्याख्यानासाठी जाणे होते तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो : "विजेच्या दिव्याचा शोध नेमका कोणी लावला? एडिसनने की स्वानने?" काही पुस्तकांत एडिसनचे नाव असते, काहींत इंग्लंडच्या जोसेफ स्वानचे. जरा जास्त वाचलेला एखादा विद्यार्थी रशियाच्या लोदिगिनचेही नाव घेतो. मग शिक्षक आपल्याकडे पाहतात आणि आपण "सर्वांनी थोडा थोडा लावला" असे गुळमुळीत उत्तर देऊन सुटका करून घेतो.

पण हाच प्रश्न एकदा न्यायालयापुढे आला होता, आणि न्यायाधीशांना असे गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नव्हते. त्यांना हो किंवा नाही सांगायचे होते. अमेरिकेत १८८५ मध्ये सुरू झालेला हा खटला १८९२ पर्यंत चालला, आणि त्यातील वादाचा गाभा होता एक शब्द : 'फिलामेंट'. या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहून लागणारा नव्हता. तो लागला ओहमच्या नियमाने. म्हणूनच विज्ञान शिकवणाऱ्यांनी ही हकीकत जाणून घ्यावी असे वाटते.

शेताचा बांध आणि शोधाचा बांध

पेटंट म्हणजे संशोधक आणि समाज यांच्यातील एक करार. संशोधकाने आपली युक्ती काहीही हातचे न राखता लिहून द्यायची, आणि त्याबदल्यात ठरावीक काळ ती वापरण्याचा एकाधिकार त्याला मिळायचा. पेटंटच्या दस्तऐवजाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग वर्णनाचा. त्यात वस्तू कशी बनवायची, ती कशी चालते, आकृती, उदाहरणे असे सर्व येते. दुसरा भाग दाव्यांचा. "यातील एवढे माझे" हे त्यात एकेका वाक्यात सांगितलेले असते.

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तसे हे दावे. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याची जमीन, दक्षिणेस रस्ता. त्यांच्या आतले आपले, बाहेरचे दुसऱ्याचे. फरक एवढाच की शेताचा बांध मातीचा असतो, शोधाचा बांध शब्दांचा. आणि शब्दांचा बांध मातीच्या बांधापेक्षाही सहज कोरता येतो!

म्हणूनच नव्या शोधाची जुन्या रचनांशी तुलना करताना पहिले काम असते दाव्यातील शब्दांचा अर्थ ठरवण्याचे. तो ठरल्याशिवाय तुलना सुरूच होऊ शकत नाही. तो ठरला की दाव्याचे घटक एकेक करून मांडायचे आणि जुन्या रचनेत ते सर्व सापडतात का ते पाहायचे. सर्व घटक एकाच जुन्या रचनेत सापडले तर शोध नवा नाही. एखादा सापडला नाही तर तो नवा आहे. मग पुढचा प्रश्न येतो : हा फरक त्या विषयातील कोणाही जाणकाराला सहज सुचण्याजोगा होता का?

एडिसनचा दावा

एडिसनने आपला अर्ज ४ नोव्हेंबर १८७९ रोजी दाखल केला, आणि २७ जानेवारी १८८० रोजी त्याला २,२३,८९८ क्रमांकाचे अमेरिकी पेटंट मिळाले. खटल्यात महत्त्वाचा ठरलेला त्यातील दुसरा दावा सोप्या मराठीत असा मांडता येईल : कार्बनचे तंतू, संपूर्णपणे काचेचे बनवलेले पात्र, त्या काचेतून आरपार जाणाऱ्या वाहक तारा, आणि त्या पात्रातील हवा काढून टाकलेली असणे, या सर्वांचा संयोग.

याचे चार घटक झाले :

१. कार्बनचा तंतू (फिलामेंट)
२. संपूर्ण काचेचे पात्र
३. काचेतून जाणाऱ्या तारा
४. निर्वात पोकळी

आता जुने दिवे पाहू. अमेरिकेतील सॉयर आणि मॅन यांच्या १८७८ च्या दिव्यात कार्बनची कांडी होती, आत निर्वात पोकळीऐवजी नायट्रोजन वायू होता आणि काचेचे पात्र खालून वेगळ्या झाकणाने बंद केलेले होते. म्हणजे पहिला, दुसरा आणि चौथा असे तीन घटक तिथे नाहीत. हा दिवा एडिसनच्या दाव्यापासून बराच दूर आहे.

स्वानचा दिवा मात्र फार जवळ येतो. फेब्रुवारी १८७९ मध्ये, म्हणजे एडिसनच्या अर्जाच्या नऊ महिने आधी, स्वानने न्यूकॅसल येथे आपला दिवा मोठ्या श्रोतृसमुदायापुढे दाखवला होता. त्याचे पात्र काचेचे होते, तारा काचेतून आत गेल्या होत्या, आतली हवा काढलेली होती. चारपैकी तीन घटक जमले! राहिला फक्त पहिला. स्वानच्या त्या दिव्यातील कार्बन 'तंतू' होता की 'कांडी'? सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो.

शब्दाची ओढाताण

मराठीत या बाबतीत आपण फार श्रीमंत आहोत. दोरखंड, कासरा, दोरी, सुतळी, दोरा, तंतू असे जाडीनुसार शब्द आहेत. पण सुतळी नेमकी कुठे संपते आणि दोरा कुठे सुरू होतो, हे मिलिमीटरमध्ये सांगा म्हटले तर आपण अडखळू. एडिसनच्या वर्णनातही "फिलामेंट म्हणजे अमुक जाडीपेक्षा बारीक" अशी व्याख्या दिलेली नाही.

अशा वेळी शब्द दोन्ही बाजूंनी ओढता येतो. समजा, 'कार्बनचा तंतू' म्हणजे विजेने तापून प्रकाश देणारा कार्बनचा कोणताही लांबट तुकडा, असा सैल अर्थ घेतला. मग स्वानची कांडीही तंतूच ठरते, चारही घटक जुन्या दिव्यात सापडतात आणि पेटंट कोसळते. उलट, एडिसनने उदाहरणादाखल वर्णन केलेला कापसाचा जाळलेला दोरा म्हणजेच तंतू, असा आखडता अर्थ घेतला तर पेटंट टिकते, पण त्याचा उपयोग उरत नाही. कारण प्रतिस्पर्धी कागदापासून किंवा सेल्युलोजपासून तंतू बनवतील आणि "आमचा दोरा कापसाचा नाही" म्हणून मोकळे होतील. स्वतः एडिसननेही १८८० पासून बांबूचे तंतू वापरायला सुरुवात केली होती.

मग अर्थ लावायचा कसा? त्यासाठी वर्णनाकडे वळावे लागते. त्यात एडिसनने आपल्या आधीच्या लोकांबद्दल लिहिले आहे की त्यांनी एक ते चार ओहम रोधाच्या कार्बनच्या कांड्या वापरल्या आणि त्यांचा सारा प्रयत्न हा रोध कमी करण्याचा होता. स्वतःबद्दल तो लिहितो की कापसाचा साधा दोरा नीट कार्बनमय करून, हवा दशलक्षांशापर्यंत कमी केलेल्या बंद काचपात्रात ठेवला तर तो शंभर ते पाचशे ओहम रोध देतो. काजळी आणि डांबर मळून त्याची इंचाच्या सात सहस्रांश इतकी बारीक, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर व्यासाची तार वळता येते, असेही तो सांगतो. दोरा, लाकडाच्या चिरफळ्या, कागद, काजळी असे अनेक पदार्थ त्याने नोंदवले आहेत.

हे वर्णन वाचल्यावर 'तंतू' या शब्दाचा रोख स्पष्ट होतो. पदार्थ कोणता हा मुद्दा नाही. मुद्दा आहे बारीकपणाचा, आणि त्या बारीकपणामुळे येणाऱ्या जास्त रोधाचा.

ओहमचा नियम न्यायालयात

खटल्यात पुढे आलेले आकडे असे होते. जुन्या दिव्यांतील कार्बन कांड्यांचा व्यास १/३२ इंच किंवा त्याहून जास्त. एडिसनच्या तंतूचा व्यास १/६४ इंच किंवा त्याहून कमी. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर सुमारे ०.८ आणि ०.४. विद्यार्थ्यांच्या क्लच पेन्सिलीतील ०.७ मिलिमीटरची शिशाची कांडी पहिल्यापेक्षा किंचित बारीक, तर ०.५ ची कांडी दुसऱ्यापेक्षा किंचित जाड. फरक एवढासा! "जाडी निम्मी केली, यात शोध कसला?" असा प्रश्न कोणालाही पडेल.

फळ्यावर मांडून पाहू. वाहकाचा रोध त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते, म्हणून तेवढ्याच लांबीचा रोध चौपट होतो. त्याच वेळी बाहेरील पृष्ठभाग निम्मा होतो. तप्त कार्बनमधून ऊर्जा बाहेर पडते ती पृष्ठभागावरून. म्हणजे ठरावीक तापमानाला तो प्रकाशत ठेवण्यासाठी लागणारी शक्तीही निम्मी पुरते. रोध चौपट आणि पृष्ठभाग निम्मा, म्हणून त्यांचे गुणोत्तर आठपट. व्यास निम्मा केला की हे गुणोत्तर दोनाच्या घनाने वाढते.

आता याचा उपयोग पाहा. समजा, शंभर वॅटचा दिवा आहे. त्याचा रोध २ ओहम असेल तर त्यातून सुमारे ७ अँपिअर प्रवाह जावा लागेल. रोध १०० ओहम असेल तर १ अँपिअर पुरेल. तारांमध्ये वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सात अँपिअरचा वर्ग सुमारे पन्नास. म्हणजे तारांतील नुकसान तेवढेच ठेवायचे तर पहिल्या दिव्यासाठी पन्नासपट जाड छेदाचे तांबे घालावे लागेल. एका दिव्याचे ठीक आहे, पण सबंध शहरातील घराघरांत, प्रत्येकाला आपापला दिवा हवा तेव्हा लावता-मालवता येईल अशा समांतर जोडणीने वीज द्यायची, तर एवढे तांबे परवडणार कोणाला? याच कारणाने ब्रिटनमधील विल्यम प्रीससारखे जाणकार १८७९ मध्ये घरोघरी असे दिवे देण्याची कल्पना म्हणजे मृगजळ समजत होते.

कांडी आणि तंतू यांतला खरा फरक आता लक्षात येतो. कांडीने प्रयोगशाळेतले टेबल उजळले असते, तंतूने शहर उजळले. जुलै १८९१ मध्ये न्यायाधीश वॉलेस यांनी एडिसनच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबर १८९२ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. व्यासातील फरक वरवर पाहता केवळ कमी-अधिकपणाचा दिसतो, पण प्रत्यक्षात तो यश आणि अपयश यांतला फरक आहे, हे न्यायालयाला पटले. 'फिलामेंट'चा अर्थ कापसाच्या दोऱ्यापुरता आखडला नाही आणि कोणत्याही कार्बनपर्यंत सैलही सोडला नाही.

निकालाचे परिणामही तितकेच ठोस होते. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दिवे लावण्याचे कंत्राट वेस्टिंगहाउस कंपनीकडे होते. तिने घाईघाईने दोन तुकड्यांचा, तळाशी बूच बसवलेला दिवा तयार केला. का? तर दुसऱ्या घटकातील 'संपूर्ण काचेचे पात्र' म्हणजे वितळवून एकसंध बंद केलेले पात्र, या अर्थापासून दूर राहण्यासाठी. दाव्यातले शब्द कारखान्यातल्या साच्यांचे आकार बदलतात ते असे. एडिसनला मात्र या विजयाचा लाभ फार काळ झाला नाही. त्याच्या पेटंटची मुदत नोव्हेंबर १८९४ मध्ये संपली.

दोन्ही पारड्यांना एकच माप

या हकीकतीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा धडा वेगळाच आहे. पेटंटधारकाला दोन वेळा शब्दाचा अर्थ सांगावा लागतो. जुन्या रचनेपासून आपले पेटंट वाचवताना एकदा, आणि नक्कल करणाऱ्याला पकडताना दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी अर्थ आखडता घेण्याचा मोह होतो, दुसऱ्या वेळी तोच अर्थ ताणण्याचा. कायदा हे चालू देत नाही. नंतर आल्यास जी वस्तू पेटंटचा भंग करते, तीच आधी आलेली असल्यास पेटंट रद्द करते, असे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये सांगितले. त्याआधी १८८६ मध्ये याच न्यायालयाने दाव्यातील शब्दांना मेणाच्या नाकाची उपमा देऊन बजावले होते की ते हवे तसे पिरगाळता येणार नाही.

याचा सर्वांत मजेदार अनुभव इंग्लंडमध्ये आला. तिथे एडिसन आणि स्वान यांनी भांडण्याऐवजी १८८३ मध्ये संयुक्त कंपनी काढली. या कंपनीच्या हातातले मुख्य हत्यार होते एडिसनचे ब्रिटिश पेटंट. प्रतिस्पर्ध्यांवर खटले भरल्यावर ते म्हणू लागले, "स्वानचा दिवा तर आधीचाच आहे!" त्यामुळे ज्या कंपनीच्या नावातच स्वान होता, तिलाच न्यायालयात सांगावे लागले की स्वानच्या जुन्या दिव्यातील कार्बन हा तंतू नव्हता, कांडी होती.

आणि शब्द फार सैल ठेवला तर काय होते, याचे उत्तर सॉयर आणि मॅन यांच्या पेटंटने दिले. त्यांनी कार्बनमय केलेल्या कागदाचे प्रयोग केले होते, पण दाव्यात मात्र 'तंतुमय किंवा वस्त्रासारखा पदार्थ' असे लिहून सारी वनस्पतिसृष्टी आपल्या बांधाच्या आत घेतली. एडिसनने सहा हजारांहून अधिक वनस्पतिजन्य पदार्थ तपासले, तेव्हा बहुतेक सर्व निरुपयोगी ठरले. मग ज्यांनी हा शोध घेतलाच नाही त्यांना सगळ्यांवर हक्क कसा देणार? १८९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा रद्द ठरवला.

चूर्ण आणि लेप

शंभर वर्षांनी हाच प्रश्न आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकिर्दीत १९९६ मध्ये त्याच्या फेरतपासणीची मागणी केली आणि जुन्या ग्रंथांतील व नियतकालिकांतील पुरावे सादर केले. दाव्यात शब्द होता 'हळदीचे चूर्ण'. पेटंटधारकांच्या बाजूने एक युक्तिवाद असा झाला की जुन्या लेखनातील लेप आणि आमचे चूर्ण यांचे गुणधर्म वेगळे आहेत. आपल्याकडे मुलाचा गुडघा फुटला की डब्यातली हळद चिमटीने दाबणारी आजी आणि तीच हळद कालवून लावणारी आजी एकच असते! १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

एडिसनच्या वेळी कांडी आणि तंतू यांतला फरक खरा होता, कारण त्यामागे भौतिकी होती. इथे चूर्ण आणि लेप यांतला फरक शोध ठरण्याइतका नव्हता. शब्द वेगळा असणे पुरेसे नाही, त्या शब्दाने काही वेगळे घडले पाहिजे.

एक स्वतःचा अनुभव

हे सारे मी परक्यांच्या गोष्टी म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी धातूवर द्यायच्या एका लेपनासाठी अर्ज केला होता. दाव्यात आम्ही 'पातळ थर' असे लिहिले. आमच्या मनात पाच मायक्रॉनपेक्षा कमी जाडी होती, प्रयोगवहीत ती प्रत्येक पानावर होती, पण अर्जाच्या वर्णनात जाडीचा आकडा एकदाही आला नव्हता. तपासनिसाने एक जुने पेटंट पुढे ठेवले. त्यातला थर चाळीस मायक्रॉनचा होता, आणि त्यालाही तिथे 'पातळ' म्हटले होते. आकडा नंतर घालता येत नाही, कारण मूळ वर्णनात नसलेली गोष्ट दुरुस्तीच्या नावाखाली आत आणायला कायद्याची परवानगी नाही. दोन वर्षांचे काम एका विशेषणापायी गेले. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे दहावे कलम दावे स्पष्ट, आटोपशीर आणि वर्णनावर आधारलेले असावेत असे सांगते. ते मी त्याआधीही वाचले होते, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

वर्गात करून पाहा

हा विषय वर्गात घेण्यासाठी वकिलाची गरज नाही. आठवी-नववीच्या मुलांना 'खुर्ची'चा दावा लिहायला सांगा. समजा, कोणी लिहिले, "बसण्यासाठी पायांवर उभे असलेले साधन." आता बाकीच्यांनी जुन्या रचना शोधायच्या. स्टूल यात बसते. चौरंग बसतो. पलंगसुद्धा बसतो! म्हणजे दावा फार सैल झाला. मग कोणी 'पाठ टेकायला आधार' ही अट घालेल. कोणी 'चार लाकडी पाय' लिहील, आणि मागच्या बाकावरून आवाज येईल, "मग लोखंडी खुर्ची मी खुशाल विकणार!" अर्ध्या तासात मुलांना सैल आणि आखडता अर्थ, घटकांची तुलना आणि 'दोन्हीकडे एकच अर्थ' हा नियम समजतो. मराठीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी हा तास एकत्र घेतला तर फारच उत्तम.

राहिला सुरुवातीचा प्रश्न. दिव्याचा शोध कोणी लावला? आता आपण विद्यार्थ्याला उलट विचारू शकतो : "कोणता दिवा म्हणतोस? काचेच्या निर्वात फुग्यात तापून प्रकाशणारी कार्बनची कांडी म्हणत असशील तर एडिसनच्या आधी स्वानचे नाव घ्यावे लागेल. घरोघरी वीज नेता येईल इतका जास्त रोध असलेला कार्बनचा तंतू म्हणत असशील तर एडिसनचे." उत्तर शोधण्याआधी प्रश्नातले शब्द नेमके करायचे, ही सवय न्यायाधीशाला लागते तशीच विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही लागली पाहिजे.